आंधळ्या खिडकीचा पडदा

माझं, म्हणजे हिल्डा लेलोचं, लोकरीचं दुकान पार्डोंच्या घराच्या बरोब्बर समोर आहे. त्यामुळे आयुष्यभर माझ्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी राहिल्या, लोकरीचे गुंडे आणि ते घर. गुंड्यांचे रंग तरी बदलत गेले.

घर देखणं आहे, हे मला पार्डोंचा कितीही राग आला तरी कबूल करावंच लागतं. लाल विटांचं, रुंद, सरळ कपाळाचं घर. मधोमध दार, दाराच्या दोन्ही अंगांना पडद्यांऐवजी लाकडी झडपा असलेल्या दोन-दोन खिडक्या, आणि वरच्या मजल्यावर एका ओळीत पाच. प्रत्येक खिडकीच्या माथ्यावर पंखा उघडावा तशा विटा बसवल्यात, आणि त्या घासून इतक्या नेमक्या केल्यात की दोन विटांच्या फटीत पोस्टाचं तिकीटसुद्धा जाणार नाही. ही सगळी ऐट अर्थात रस्त्याच्या बाजूला. गल्लीत वळून बाजूची भिंत पाहिली की भट्टीत वाकड्या झालेल्या, स्वस्तातल्या विटा दिसतात. सेव्हर्न नदीवर कोळशाच्या नावा चालवून श्रीमंत झालेल्या ज्या गृहस्थानं हे घर बांधलं, त्याला लोकांनी समोरून पाहावं एवढंच हवं होतं.

वरच्या पाचांपैकी डावीकडची दुसरी खिडकी खोटी आहे. आत बरोब्बर त्याच जागी दिवाणखाना आणि निजायची खोली यांच्यामधली भिंत येऊन टेकते, तिथं खिडकी ठेवणार कुठून? पण बाहेरून चारच ठेवल्या असत्या तर घराचा तोल गेला असता. म्हणून मालकानं विटांत खिडकीएवढा खळगा ठेवला, त्याला गिलावा केला आणि वर चित्र काढून घेतलं. काळ्या काचा, पांढऱ्या पट्ट्या, आणि वरून थोडा खाली ओढलेला सायीच्या रंगाचा गुंडाळीचा पडदा. आम्ही तिला आंधळी खिडकी म्हणतो. आमच्या आर्लबरी गावात क्रम्प घराण्यातले रंगारी बापापासून मुलापर्यंत तिचं चित्र उजळत आलेत.

पाहुणा आला की गावातला कुणीही त्याला छातीठोकपणे सांगतो, "पूर्वी खिडक्यांवर कर होता ना, म्हणून बुजवली." हे ऐकलं की त्या घरच्या विनीचं, म्हणजे विनिफ्रेड स्पॅरीचं, डोकं फिरायचं.

"बुजवायला आधी उघडी असावी लागते," ती म्हणायची. "ही जन्मापासून भिंतच आहे. बिचारी बाहेरून पाचातली एक, आणि आतून कुठल्याच खोलीत नाही."

विनी त्या घरात कामाला लागली तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती तिची. बाप वीटभट्टीवर, आजाही वीटभट्टीवर. "या भिंतीतली निम्मी माती आमच्याच लोकांनी तुडवलीय," असं ती ठसक्यात सांगायची, आणि ते खरं की खोटं हे विचारायची कुणाची टाप नव्हती. मनगटं पुरुषासारखी, चाल भरभर, आणि जीभ माझ्याहून तिखट. आधी हाताखालची मोलकरीण, मग स्वयंपाकीण, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बाकीचे नोकर पांगले तेव्हा सगळं घर तिच्या एकटीच्या अंगावर. तिची खोली माळ्यावर होती. या घरांचा माळा छपराच्या कठड्यामागे असा दडवलेला असतो की रस्त्यावरून त्याची खिडकी दिसतच नाही. गावाच्या दृष्टीनं ती खोली नव्हतीच.

तिच्या कामांत एक काम असं होतं की त्यापायी लोक तिला वेडी म्हणायचे. रंगवलेला पडदा जिथपर्यंत खाली होता, बरोब्बर तिथपर्यंत वरच्या उरलेल्या चार खिडक्यांचे खरे पडदे तिला रोज सकाळी आणावे लागत. तसा नियमच होता त्या घराचा. खोटी खिडकी खऱ्यांसारखी करता येत नाही, तेव्हा खऱ्यांनी खोटीसारखं वागायचं. वर जाऊन विनी दोऱ्या ओढायची, मग खाली उतरून रस्ता ओलांडून माझ्या दुकानाच्या पायरीवर उभी राहायची आणि एक डोळा मिटून पाहायची.

"चौथा जरा वर आहे का गं, हिल्डा?"

"बोटभर."

"तुझ्या बोटभर की माणसाच्या?" असं म्हणून पुन्हा वर जायची. पाऊस असो, बर्फ असो, याला खंड नव्हता. पाचही पडदे एका ओळीत आले की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं, ते मी चर्चमधल्या लोकांच्या चेहऱ्यावरही फारसं पाहिलेलं नाही.

लढाईच्या दिवसांतली गंमत तर अजून गावात सांगतात. शत्रूच्या विमानांच्या भीतीनं संध्याकाळी सगळी घरं अंधारी करायचा हुकूम होता, आणि बर्मिंगहॅमहून आलेला एक नवा पहारेकरी रस्त्यात उभा राहून ओरडायला लागला, "अहो, वरची दुसरी खिडकी! पडदा पूर्ण ओढा!" विनी दारात आली, हात कमरेवर.

"नाही ओढला जात."

"बाई, कायदा आहे!"

"कायद्याला म्हणावं, तूच येऊन ओढ. शिडी देते."

तो खरंच शिडीवर चढला. वर जाऊन त्यानं हात लावला, आणि मग बराच वेळ तो तिथंच राहिला. खाली उतरला तेव्हा निम्मा रस्ता जमला होता. त्यानंतर त्या माणसानं आमच्या रस्त्यावर कुणावर आवाज म्हणून चढवला नाही.

पण त्या खिडकीची एक अडचण होती, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आमच्याकडे घरात कुणी वारलं की रस्त्याकडचे सगळे पडदे खालपर्यंत ओढतात आणि माणूस मातीआड होईपर्यंत वर करत नाहीत. पडदे पाहूनच गावाला कळतं की घरात दुःख आहे. थोरले पार्डो, म्हणजे कर्नलसाहेब, गेले तेव्हा विनीनं चारही पडदे ओढले, आणि पाचवा आपला होता तिथंच. सगळं घर डोळे मिटून बसलेलं आणि एक डोळा उघडा. विनीला ते सहन होईना. तिनं माळ्यावरच्या कठड्यावरून एक चादर खाली सोडली, दोन्ही टोकांना विटा बांधून. शवपेटी दारातून बाहेर पडायला आणि वारा सुटायला एकच गाठ पडली. चादर सुटली ती थेट पाद्रीबाबांच्या डोक्यावर. विटा कुणाला लागल्या नाहीत ही देवाची कृपा.

मिस लेटिशिया पार्डो तेव्हा पन्नाशीच्या आत होत्या. कर्नलसाहेबांची एकुलती एक मुलगी, लग्न न झालेली, पाठीचा कणा घराच्या भिंतीसारखा ताठ. त्यांनी आवाज चढवला नाही. नुसतं म्हणाल्या, "स्पॅरी, ती खिडकी घरातली नाही. तिनं शोक करायची गरज नाही."

हे मी माझ्या पायरीवरून ऐकलं. तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. वाटलं ते नंतर, विनीची आई गेली तेव्हा.

म्हातारी वीटभट्टीच्या चाळीत राहायची. पण विनीचं घर म्हणावं तर हेच, अर्धं आयुष्य इथं गेलेलं. तिनं धीर करून मिस पार्डोंना विचारलं की माझ्या आईसाठी समोरचे पडदे ओढले तर चालतील का. मिस पार्डोंनी तिला रजा दिली, काळे हातमोजे दिले, चाळीत पाठवायला शिजवलेलं अख्खं हॅम दिलं. वाईट बाई नव्हत्या त्या, हे मला सांगितलंच पाहिजे. पण पडद्यांचं म्हणाल तर, "समोरच्या खिडक्या घरच्यांसाठी असतात, स्पॅरी. तू मागच्या, स्वयंपाकघराच्या ओढ."

विनी माझ्याकडे आली आणि लोकरीच्या खोक्यावर बसली. मी चहा केला. तिनं तो घेतला नाही.

"स्वयंपाकघराची खिडकी कुणाला दिसते, हिल्डा? कोंबड्यांना."

"सोडून दे ती नोकरी," मी म्हटलं. "तुझ्यासारखीला कुणीही ठेवून घेईल."

"आणि ते पडदे कोण लावणार?" तिनं कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "मला दुसरं काही नको बघ. पगार नको वाढवून, फुलं नकोत. मी मेले की एकदा, एकदाच, समोरचे पडदे खाली यायला हवेत. मी त्या घरातली होते की नव्हते, ते मग गावाला कळेल."

"तुला कसं कळेल?"

"तू सांग येऊन." आणि हसली. मला मात्र हसू आलं नाही, त्या घराकडे पाहून संताप आला.

त्यानंतर वर्षं गेली. घरात दोघीच उरल्या, एक दिवाणखान्यात आणि एक स्वयंपाकघरात. दोघींचे केस पांढरे झाले, दोघींचे गुडघे गेले. मिस पार्डो घंटी वाजवायच्या आणि विनी जिना चढून विचारायची, "काय हवंय बाईसाहेब?" त्यावर उत्तर यायचं, "काही नाही. पाऊस येतोय का ते बघ." खिडकीशी त्याच बसलेल्या असायच्या. विनी मला हे सांगून शिव्या घालायची. पण एका हिवाळ्यात ती सर्दीनं आडवी झाली, तेव्हा शेजारच्या ट्रँटरबाई कामाला आल्या आणि मिस पार्डोंनी दिवसभरात एकदाही घंटी वाजवली नाही, हेही तिनंच मला सांगितलं. सांगताना जरा मिरवलीच.

मग एका मार्चमध्ये विनी जिन्यावरच बसली आणि तिला उठता येईना. छाती भरली होती. नदीपलीकडच्या छोट्या इस्पितळात तिला नेलं. मी रविवारी गेले तर खाटेवर एवढीशी झालेली, पण पहिला प्रश्न तोच.

"पडदे कोण लावतंय?"

"ट्रँटरबाई."

"चौथा?"

"वर असतो."

"वाटलंच मला." तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडताच म्हणाली, "माझं ते लक्षात आहे ना? बघशील ना?"

मी हो म्हटलं. मंगळवारी रात्री ती गेली.

बुधवारी सकाळी मी माझ्या दुकानाचा पडदा खाली ओढला आणि पायरीवर येऊन उभी राहिले. समोर चारही पडदे रोजच्याच जागी. वरून थोडेसे खाली, एका ओळीत, जसं काही झालंच नाही. उलट त्या दिवशी ते रोजच्यापेक्षा नीट लावलेले होते, अगदी विनीनं लावावेत तसे. नऊ वाजले, दहा वाजले. खाटकाच्या दुकानाचा पडदा उतरला, बेकरीचा उतरला, चाळीतल्या तर सगळ्याच खिडक्या मिटल्या. पार्डोंचं घर मात्र निर्लज्जासारखं उघड्या डोळ्यांनी रस्त्याकडे पाहत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एप्रनवरच रस्ता ओलांडला आणि मागच्या दारानं न जाता समोरच्या दाराची घंटी ओढली.

ट्रँटरबाईंनी मला वर नेलं. मिस पार्डो दिवाणखान्यात खिडकीपाशी उभ्या होत्या, अंगात काळा पोशाख, एका हातात काठी.

"लेलोबाई, बसा."

"मी बसायला नाही आले."

"बरं. मग उभ्यानंच ओरडा."

मी ओरडलेच. चाळीस वर्षांहून जास्त राबली ती तुमच्यासाठी, म्हटलं. एक दोरी ओढवत नाही तुम्हाला? सगळ्या गावानं ओढले! आईच्या वेळी नाही म्हणालात, ते तिनं गिळलं. आता तिच्या स्वतःच्या वेळीही मागचीच खिडकी का? कोंबड्यांसाठी? आणखीही बरंच म्हटलं. माझा आवाज फाटला तसं त्यांनी काठीनं खुर्ची माझ्याकडे ढकलली.

"ओढले होते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पडदे. सकाळी मी स्वतः ओढले, चारही. आणि मग खाली उतरून तुमच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. तुमचं दुकान उघडायचं होतं अजून." जिना चढून-उतरून त्यांना अजून धाप लागत होती. "ती दुसरी आपली तशीच. उघडी. माझ्या वडिलांच्या वेळीही ती तशीच होती, पण तेव्हा मी रस्त्यावरून पाहिलं नव्हतं. फार वाईट दिसतं ते, लेलोबाई. एवढी वर्षं स्पॅरीनं हे घर एका ओळीत ठेवलं, आणि तिच्याच दिवशी मी ते चकणं दाखवू? म्हणून पुन्हा वर केले. क्रम्पला बोलावणं धाडलंय. कुठे राहिलाय कोण जाणे. त्याचा बापही असाच होता."

मी खुर्चीवर बसले.

क्रम्प अकराच्या सुमाराला उगवला. एबेल क्रम्प, साठीचा, पोट सुटलेला, शिडीवर चढताना शिडीच कुरकुरावी असा. मिस पार्डो त्याच्याबरोबर बाहेर आल्या. समोरच्या दारातून, टोपी न घालता. रस्ता ओलांडून त्या माझ्या पायरीवर बरोब्बर तिथं उभ्या राहिल्या जिथं विनीच्या चपलांनी दगड झिजलाय.

"पडदा खाली आण, क्रम्प."

"किती खाली, बाईसाहेब?"

"पार खाली. चौकटीला टेकेपर्यंत."

"बाईसाहेब, हा रंग आहे," क्रम्प शिडीवरून काकुळतीला येऊन म्हणाला. "एकदा खाली आणला की दोरी ओढून वर नाही जायचा. परवा माती झाली की पुन्हा सगळ्या काचा रंगवायच्या म्हणजे..."

"मी काचांचं विचारलं का तुला?"

क्रम्पनं कुंचला बुडवला. सायीचा रंग काळ्या काचांवरून हळूहळू उतरू लागला, एक ओळ, मग दुसरी. रस्त्यावर माणसं थांबत गेली. बेकरीवाल्यानं पिठाच्या हातांनीच डोक्यावरची टोपी काढली, खाटकानंही काढली. मिस पार्डो एक डोळा मिटून पाहत होत्या. "डावीकडे तिरकं जातंय," एवढंच मधे एकदा म्हणाल्या. क्रम्पनं ते सरळ केलं. शेवटची काच झाकली गेली तेव्हा त्या घरात गेल्या, आणि थोड्या वेळानं वरचे पडदे एकेक करून खाली आले. पहिला, तिसरा, चौथा, पाचवा. घर बांधल्यापासून पहिल्यांदाच त्या घरानं सगळे डोळे मिटले, आणि तेही वीटभट्टीवाल्याच्या पोरीसाठी. मी दुकानात जाऊन लोकरीच्या खोक्यावर बसले आणि पोटभर रडले.

शुक्रवारी माती झाली. कबरीपाशी सगळे पांगल्यावर मी मागे राहिले आणि विनीला सांगितलं. कबूल केलं होतं ना. पाचही, म्हटलं, आणि एका ओळीत.

शनिवारी मिस पार्डोंनी पडदे वर केले. ट्रँटरबाईंना हात लावू दिला नाही, आणि या वेळी रस्त्यावर येऊन पाहिलंही नाही, त्यामुळे चारही वाकडेतिकडे, एक इथं तर एक तिथं. आंधळ्या खिडकीचा मात्र तसाच खाली. आता आंधळी कोणती हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ज्या फसवणुकीसाठी त्या नाववाल्यानं एवढा खर्च केला, क्रम्पांनी पिढ्यान् पिढ्या रंग लावला आणि विनीनं गुडघे झिजवले, ती एका रात्रीत उघडी पडली होती.

आठवड्यानं क्रम्प शिडी आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन पुन्हा आला. मिस पार्डो दारात उभ्या होत्या. मी माझ्या पायरीवर होते, नेहमीसारखी.

"करू का वर, बाईसाहेब?" त्यानं विचारलं. "घराची सगळी शोभा गेलीय बघा. पाहुणे हसतील."

मिस पार्डोंनी मान वर करून त्या मिटलेल्या पडद्याकडे पाहिलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "ती घरातली आहे."

आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. क्रम्प रस्ता ओलांडून माझ्याकडे आला, शिडी अजून खांद्यावर.

"खिडकीबद्दलच बोलत होत्या ना त्या?" त्यानं विचारलं.

"तू शिडी ठेव खाली," मी म्हटलं, "आणि चहा प्यायला ये."